पडलेल्या पापणीचं ऑपरेशन आणि त्यातले धोके: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, पापण्यांची ऑपरेशनं करणाऱ्या डॉक्टरांच्या ओपीडीत पेशंटची मापं घ्यायचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे ऑपरेशनच्या आधीची भीती आणि नंतरच्या तक्रारी दोन्ही बऱ्याचदा आधी माझ्या कानावर येतात. मेसेजवर तेच तेच प्रश्न येत राहतात म्हणून सगळे एका जागी लिहिलेत. ऑपरेशन करायचं की नाही हे डोळा तपासूनच ठरतं, इथे वाचून ठरवू नका, पण डॉक्टरांना काय काय विचारायचं ते इथून जरूर घेऊन जा.

१. पापणी पडणं म्हणजे नक्की काय? आणि पडते कशामुळे?

वरची पापणी जिथे असायला हवी त्याच्या खाली उतरते, त्याला डॉक्टर टोसिस म्हणतात. बाहुलीच्या मध्यावर टॉर्चचा चमकदार ठिपका दिसतो ना, तिथपासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंत साधारण ४ ते ५ मिमी अंतर असतं, ते कमी झालं की पापणी पडली. पापणी उचलणारा मुख्य स्नायू लेव्हेटर, त्याच्या मागे म्युलरचा एक छोटा स्नायू असतो तो साधारण २ मिमीची मदत करतो. जन्मतः पडलेली असेल तर लेव्हेटर नीट तयारच झालेला नसतो. वयामुळे, वर्षानुवर्षं कॉन्टॅक्ट लेन्स वापरल्यामुळे किंवा डोळ्याच्या आधीच्या ऑपरेशननंतर पडली असेल तर स्नायू बहुतेक वेळा ठीक असतो, तो पापणीला जिथे जोडलेला असतो तो पडदा ताणला गेलेला असतो. याशिवाय नस, मायस्थेनियासारखे आजार, मार, पापणीवरची गाठ ही कारणं आहेतच. कारण कुठलं यावर ऑपरेशन ठरतं आणि धोकेसुद्धा त्यावरच ठरतात, म्हणून "माझ्या मावशीचं छान झालं, मग माझंही होईल" हा हिशोब इथे लागू पडत नाही.

२. माझी पापणी खरंच पडलीये की नुसती कातडी लोंबतेय?

दोन्ही होऊ शकतं, आणि दोन्ही एकत्रसुद्धा असतं. पन्नाशीनंतर पुष्कळ जणांची पापणीची कड जागेवरच असते, वरची जादा कातडी तिच्यावर येऊन बसते, किंवा भुवईच खाली आलेली असते. कधी कधी तर एक डोळा थायरॉइडमुळे जास्त उघडलेला असतो आणि त्याच्या शेजारी दुसरा नॉर्मल डोळा पडल्यासारखा वाटतो! अशा वेळी टोसिसचं ऑपरेशन केलं तर ते ऑपरेशनच चुकीचं. म्हणून कातडी हळूच वर धरून पापणीची कड कुठे आहे ते मोजतात, थायरॉइडचा संशय आला तर रक्त तपासतात.

३. ऑपरेशनमध्ये करतात काय? जागं असताना करतात का?

मोठ्या माणसांचं सहसा जागं असतानाच, पापणीत भुलीचं इंजेक्शन देऊन. डॉक्टर ऑपरेशनच्या मध्येच सांगतात, "डोळे उघडा, समोर बघा, आता खाली बघा", कधी टेबलावर उठवून बसवतात आणि दोन्ही पापण्यांची उंची बघून टाका घट्ट-सैल करतात. लोकांना हे ऐकूनच घाम फुटतो, पण पापणीची उंची जुळवायला तुमची ही मदत फार मोलाची असते.

प्रकार मुख्य तीन. स्नायूत ताकद चांगली असेल तर लेव्हेटर पुढे ओढून किंवा आखडून शिवतात. पडणं थोडंच असेल आणि फिनाइलेफ्रिनचा थेंब टाकल्यावर पापणी वर येत असेल तर पापणीच्या आतल्या बाजूने म्युलरचा स्नायू आखडतात, बाहेर टाका दिसत नाही. ताकद अगदीच कमी असेल, म्हणजे खाली बघून वर बघताना पापणी ४ मिमी किंवा त्याहून कमी सरकत असेल (नॉर्मलला साधारण १५ मिमी सरकते), तर पापणी कपाळाच्या स्नायूला बांधतात, त्याला स्लिंग म्हणतात. स्लिंगचे धोके वेगळे आहेत, ते प्रश्न ९ मध्ये.

४. सगळ्यात जास्त वेळा काय बिघडतं?

उंची. पापणी हवी तेवढी वर येत नाही, हे सगळ्यात कॉमन. त्याखालोखाल जास्त वर जाणं, दोन डोळ्यांत फरक राहणं आणि कडेचा आकार बिघडणं, म्हणजे गोल कमान न येता मध्येच टोक आल्यासारखं दिसणं. पापणीची घडी दोन्हीकडे वेगवेगळ्या उंचीवर येऊ शकते, पापणीचे केस खाली झुकू शकतात, टाक्याची गाठ टोचू शकते किंवा तिथे छोटा लाल मांसाचा गोळा येतो.

चांगल्या हातांकडूनही हे होतं. भुलीच्या औषधाने लेव्हेटर थोडा सुन्न होतो म्हणून टेबलावर पापणी आहे त्यापेक्षा खाली दिसते, त्याच औषधात अ‍ॅड्रेनलिन असतं ते म्युलरच्या स्नायूला चेतवतं म्हणून ती वरही दिसते, त्यात सूज, आणि या सगळ्या गोंधळात डॉक्टरांना १ मिमीचा अंदाज बांधायचा असतो. त्यामुळे "शंभर टक्के सारख्या करून देतो" असं जर कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर मी तरी दुसरं मत घेईन. दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागणं या ऑपरेशनमध्ये काही अघटित नाही, ते मनाशी धरूनच जा (प्रश्न १५).

५. ऑपरेशन झालं, पण झोपेत डोळा पूर्ण मिटत नाही. हे नॉर्मल आहे का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचाही हाच, म्हणून सविस्तर लिहिते.

पापणी वर बांधली की मिटायला थोडी कमी पडणार, हे गणितच आहे. लेव्हेटर पुढे घेण्याच्या साध्या ऑपरेशननंतर काही आठवडे किंचित फट राहते आणि बहुतेकांची सूज उतरली की भरून येते. पण जन्मतः पडलेल्या पापणीत स्नायू नीट सैलही पडत नाही, तिथे जास्त आखडून शिवलं किंवा स्लिंग केलं तर झोपेत फट कायमची राहू शकते आणि खाली बघताना ती पापणी मागेच अडकल्यासारखी वर राहते. हे डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधी सांगायलाच हवं, नसेल सांगितलं तर तुम्ही विचारा.

फट असूनही काही जणांना त्रास होत नाही आणि काहींच्या बुबुळाला जखम होते, असं का? आपण डोळे मिटतो तेव्हा बुबुळ आपोआप वर सरकून पापणीखाली लपतं, याला बेल्स फिनॉमेनन म्हणतात. ज्यांचं हे चांगलं आहे त्यांच्या फटीतून नुसता पांढरा भाग दिसतो. ज्यांचं नाही त्यांचं बुबुळ रात्रभर उघडं पडतं, सुकतं, त्यावर ओरखडे येतात, त्यात जंतू शिरले की अल्सर होतो आणि अल्सर भरताना फूल पडतं, म्हणजे बुबुळावर पांढरा डाग राहतो, ते मध्यावर पडलं तर नजर कायमची कमी होते. म्हणून ऑपरेशनआधी मी पेशंटला डोळे घट्ट मिटायला सांगते आणि बोटांनी पापणी उघडी धरून बुबुळ वर जातंय का ते बघते. अर्ध्या मिनिटाची टेस्ट आहे. तुमची केली नसेल तर करून घ्या.

घरी बघायचं असेल तर माणूस गाढ झोपल्यावर मोबाइलचा टॉर्च थेट डोळ्यावर न मारता बाजूने धरा आणि फटीत काय दिसतंय बघा. नुसतं पांढरं दिसलं तर दिवसा ड्रॉप्स, रात्री मलम चालू ठेवा आणि पुढच्या तपासणीला सांगा. काळं दिसलं तर दुसऱ्या दिवशी फोन करा, मलम वाढवणं, पापणीला रात्री टेप लावणं हे डॉक्टर शिकवतील. पंख्याचा, एसीचा झोत थेट तोंडावर घेऊ नका, आणि टू-व्हीलरवर मोठा गॉगल हवाच.

डोळा लाल, दुखतोय, उजेड सहन होत नाही, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतोय, असं काही झालं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मेडिकलमधून स्टेरॉइडचे ड्रॉप्स आणून घालू नका, कृपया. जंतू असतील तर त्यांना मोकळं रान मिळतं.

आणि माझं स्पष्ट मत, पापणी १ मिमी खाली राहिली तरी चालेल पण डोळा मिटला पाहिजे. फोटोत सुंदर दिसण्यासाठी "अजून थोडी वर घ्या" असा आग्रह डॉक्टरांकडे धरू नका.

६. नजर जाऊ शकते का? खरं सांगा.

जाऊ शकते, पण फार म्हणजे फारच क्वचित. एक कारण वर सांगितलेला अल्सर, आणि तो वेळेत पकडता येतो. दुसरं म्हणजे डोळ्याच्या मागे रक्तस्राव. खोबणीत जागा थोडी, रक्त साठलं की दाब वाढतो आणि नजरेची नस दबते. लक्षणं लक्षात ठेवा: वाढत जाणारं जोरात दुखणं, पापणी दगडासारखी टणक, डोळा बाहेर ढकलल्यासारखा, नजर अंधुक होत जाणं. साधी सूज आणि निळसरपणा सगळ्यांनाच येतो, त्यात नजर जात नाही. पण वर सांगितलेली लक्षणं दिसली तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, पट्टी काढून नजर तपासा आणि लगेच निघा, कारण इथे तास-दोन तासांचा प्रश्न असतो, दाब सोडवला तर नजर वाचते. डिस्चार्जच्या कागदावर रात्री लागणारा फोन नंबर आहे ना हे घरी निघायच्या आधीच बघून घ्या.

७. बाबांना स्टेंट आहे, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. बंद करायच्या का?

स्वतःच्या मनाने अजिबात नाही. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो हे खरं, पण स्टेंट बंद पडला तर जीवाशी गाठ आहे आणि पापणीचं ऑपरेशन थांबू शकतं. हृदयाचे डॉक्टर आणि डोळ्यांचे डॉक्टर यांनी मिळून ठरवायचं, शक्यतो लेखी. फिश ऑइल, लसणाच्या कॅप्सूल, सांधेदुखीच्या गोळ्यासुद्धा सांगा, लोक यांना औषधात धरतच नाहीत. बीपी त्या दिवशी जास्त असेल तर ऑपरेशन पुढे ढकलतात, त्यात चिडण्यासारखं काही नाही.

८. लहान मुलाचं कधी करायचं? भूल देणं सेफ आहे का?

पापणी बाहुली झाकत असेल तर लवकर, अगदी पहिल्या वर्षातसुद्धा, कारण त्या डोळ्याकडून मेंदूला चित्रच जात नाही आणि डोळा आळशी होतो, आणि तो आळशीपणा मोठेपणी ऑपरेशन करून जात नाही. बाहुली उघडी असेल, मूल हनुवटी वर करून बघत नसेल, तर साधारण ३ ते ५ वर्षांपर्यंत थांबतात, तेव्हा मापं नीट घेता येतात. थांबायचं म्हणजे घरी बसायचं नाही, दर काही महिन्यांनी नजर आणि नंबर तपासायचा, कारण पडलेल्या पापणीच्या डोळ्याला तिरकस नंबर असण्याचं प्रमाण जास्त असतं. ऑपरेशननंतरही चष्मा आणि गरज पडली तर चांगल्या डोळ्यावर पट्टी लागतेच. पापणी वर आली म्हणून चष्मा काढून टाकणारे आईवडील मी बघितलेत आणि फार वाईट वाटतं, एवढं सगळं करून नजर तिथेच राहते.

लहान मुलांना पूर्ण भूलच द्यावी लागते. ती लहान मुलांच्या सवयीच्या भूलतज्ज्ञाने द्यावी, सर्दी-खोकला-ताप असेल तर लपवू नका, उपाशी किती तास ठेवायचं ते सांगितलंय तसंच पाळा, "थोडंसं दूधच दिलं" हे धोक्याचं आहे. मूल मध्ये सांगू शकत नाही की आता बघा, म्हणून उंचीचा अंदाज आणखी अवघड असतो. डोळा मिटण्याबद्दल प्रश्न ५ वाचाच, लहान मुलांना तो सगळ्यात जास्त लागू आहे.

९. स्लिंगमध्ये आत काय घालतात? ते नंतर बाहेर येऊ शकतं का?

सिलिकॉनची बारीक दोरी, दुसरा कृत्रिम धागा, किंवा स्वतःच्याच मांडीतला पट्टा, फॅशिया लाटा. सिलिकॉन लवचिक असतं, पापणी मिटायला थोडी सोपी जाते आणि गरज पडली तर काढता किंवा ॲडजस्ट करता येतं, पण ते सैल होऊ शकतं, तुटू शकतं, कपाळाच्या जखमेतून डोकावू शकतं, जंतू लागले तर काढावंच लागतं. मांडीचा पट्टा जास्त टिकतो पण मांडीवर व्रण येतो आणि अगदी लहान मुलात तेवढा पट्टाच मिळत नाही. कपाळावरच्या टाक्याच्या जागी पिवळा स्राव किंवा फोड आला तर "उष्णता असेल" म्हणून सोडून देऊ नका.

१०. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि आता दुसरी पापणी खाली आली! डॉक्टरांनी काही चुकवलं का?

बहुतेक नाही. दोन्ही पापण्यांना मेंदूकडून सारखाच हुकूम जातो. एक पडलेली असली की मेंदू दोघींना जास्त जोर लावायला सांगतो, त्यात चांगली पापणी मुळात थोडी पडलेली असली तरी वर दिसते. पहिली दुरुस्त झाली, जोर कमी झाला, दुसरीचं खरं रूप दिसलं. याला हेरिंगचा नियम म्हणतात. पडलेली पापणी बोटाने वर धरून दुसरी खाली येतेय का हे आधी बघता येतं, ही टेस्ट करायला सांगा.

११. माझे डोळे कोरडे आहेत / लेसिक झालंय / मोतीबिंदूचं नुकतंच झालंय. चालेल का?

कोरड्या डोळ्यांना हे ऑपरेशन झेपतं पण जपून, कारण पापणी वर गेली की हवा लागणारा भाग वाढतो. आधी अश्रूंची तपासणी, आधी कोरडेपणावर उपचार, मग पापणी, आणि उंची थोडी कमीच ठेवायची. लेसिकनंतर डोळे काही महिने कोरडे असतात आणि बुबुळाची संवेदना कमी असते, तेव्हा मध्ये वेळ जाऊ द्या. मोतीबिंदूनंतर पडलेली पापणी काही महिन्यांत आपोआप सुधारू शकते, घाई नको. उलट पापणीच्या ऑपरेशननंतर चष्म्याचा नंबर थोडा बदलू शकतो, म्हणून नवा महागडा चष्मा तीनेक महिने थांबून करा.

१२. सकाळी ठीक असते, संध्याकाळी पडते. ऑपरेशन करून टाकू का?

थांबा. दिवसभरात कमीजास्त होणं, मध्ये मध्ये दोन दोन दिसणं, चावताना जबडा थकणं, ही मायस्थेनिया ग्रेव्हिसची लक्षणं असू शकतात. त्यात नस आणि स्नायू यांच्यामधला निरोप पोचत नाही. मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटं बर्फ ठेवून पापणी वर येते का बघतात, रक्ताची अँटिबॉडी टेस्ट असते, न्यूरोलॉजिस्ट लागतात. उपचार गोळ्यांचा आहे. निदान न करता ऑपरेशन झालं तर उंची रोज बदलत राहते आणि गोळ्या चालू झाल्यावर तीच पापणी जास्त वर जाऊ शकते.

दोन्ही पापण्या वर्षानुवर्षं हळूहळू पडतायत आणि डोळेही फिरेनासे झालेत, असा एक स्नायूंचा आजार असतो. त्यात बुबुळ वर जातच नाही, म्हणून पापणी फक्त बाहुली मोकळी होईल एवढीच उचलतात.

१३. अचानक पडली, एका दिवसात. कोणत्या डॉक्टरकडे?

इमर्जन्सीत. पापणी पडली, बाहुली मोठी झाली, डोकं जोरात दुखतंय, दोन दोन दिसतंय, तर मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आलेला असू शकतो. बाहुली लहान आणि मान दुखत असेल तर मानेतल्या रक्तवाहिनीची तपासणी लागते. डायबेटिसमध्ये पापणी उचलणारी आणि डोळा फिरवणारी नस बिघडू शकते पण बऱ्याचदा तीनेक महिन्यांत सुधारते, म्हणून तिथे पापणीचं ऑपरेशन किमान सहा महिने कोणी करत नाही. शिवाय डोळे तिरके झालेले असताना पापणी उचलली तर जे दोन दोन दिसणं पापणीने झाकलं होतं ते उघडं पडतं, हा धोका पेशंटला बहुधा कोणी सांगितलेला नसतो.

आणि गावाकडच्यांसाठी, पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी-उलटीने उठला आणि दोन्ही पापण्या मिटत चालल्यात, तर मण्यार चावलेली असू शकते. तिचा दंश दुखत नाही, खूण दिसेलच असं नाही. पुढे गिळणं आणि श्वास बंद पडतो. मंत्र-मांत्रिक नको, थेट सापाच्या विषावरचं इंजेक्शन आणि व्हेंटिलेटर असलेलं हॉस्पिटल.

१४. ड्रॉप्सने किंवा व्यायामाने होत नाही का?

व्यायामाने ताणलेला पडदा जुळत नाही, व्हिडिओ काहीही सांगोत. वयामुळे पडलेल्या पापणीसाठी ऑक्सिमेटाझोलिनच्या ०.१ टक्के ड्रॉप्सना अमेरिकेत जुलै २०२० मध्ये मान्यता मिळाली, त्याने काही तासांपुरती साधारण १ मिमी पापणी वर येते. नाकातला स्प्रे त्याच नावाचा मिळतो म्हणून तो डोळ्यात घालायचा नाही! बोटॉक्सनंतर पडलेली पापणी आठवड्यांत, फार तर तीन-चार महिन्यांत परत येते, त्यासाठी ऑपरेशन नको. ऑपरेशनचा धोका ज्यांना परवडणारच नाही त्यांच्यासाठी चष्म्याला आतून पापणी धरणारी तार लावून मिळते.

१५. उंची चुकली. परत कधी करायचं?

पहिल्या आठवड्याभरातच डॉक्टरांना फार जास्त किंवा फार कमी वाटली तर टाका लगेच ॲडजस्ट करतात. ती वेळ गेली तर सूज पूर्ण उतरेपर्यंत, साधारण तीन ते सहा महिने थांबतात. दोन आठवड्यांच्या सेल्फीवरून निष्कर्ष काढू नका. जास्त वर गेली असेल तर पापणी खाली ओढायचा मसाज असतो, पण तो कधी सुरू करायचा ते डॉक्टर सांगतील, लवकर केला तर टाका सुटतो. अपवाद एकच, बुबुळाला इजा होत असेल तर तीन महिने वगैरे काही थांबायचं नाही.

१६. जेवताना बाळाची पापणी वर उडते. हे काय?

चावायच्या स्नायूची नस चुकून पापणीच्या स्नायूला जोडलेली असते, मार्कस गन म्हणतात, जन्मतः पडलेल्या पापण्यांपैकी साधारण ५ टक्क्यांत दिसतं. नुसती पापणी उचलली तर ते उडणं आणखी डोळ्यात भरतं. म्हणून जास्त उडत असेल तर आधी तो लेव्हेटरच तोडतात आणि मग स्लिंग. मोठा निर्णय आहे, ज्यांनी अशा केसेस केल्यात त्यांच्याकडेच जा.

१७. इन्शुरन्स मिळतो का?

आपल्याकडच्या पॉलिसीत कॉस्मेटिक सर्जरी वगळलेली असते, त्यामुळे क्लेम तिथेच अडकतो. बाहुली झाकली जातेय हे दाखवणारे फोटो, पापणीला टेप लावून आणि न लावता केलेली फील्ड टेस्ट (नजरेला आजूबाजूचं किती दिसतं त्याची तपासणी) आणि डॉक्टरांचं "नजरेला अडथळा" असं स्पष्ट लिहिलेलं पत्र, हे ऑपरेशनच्या आधीच पाठवून मंजुरी घ्या. नंतर धावपळ करून फारसं हाती लागत नाही. जन्मजात टोसिस असेल तर जन्मजात दोषांची अट वेगळी वाचा.

१८. आम्ही परदेशात असतो. तीन आठवड्यांच्या सुट्टीत पुण्यात करून परत जाऊ का?

करतात लोक, पण सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात करा, शेवटच्या नाही. पहिल्या काही दिवसांत रक्तस्राव आणि जंतूंचा धोका, पहिल्या आठवड्यात उंची ॲडजस्ट करायची संधी, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बुबुळाची तपासणी, हे सगळं इथे असताना व्हायला हवं. निघायच्या आधी कुठलं ऑपरेशन केलं, स्लिंग असेल तर कुठल्या मटेरियलची, किती मिमी घेतलं, आधीचे-नंतरचे फोटो, हे लेखी घ्या, आणि तिकडे स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून बघायच्या यंत्रावर) बुबुळ तपासून देणाऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट इथून निघायच्या आधीच घेऊन ठेवा. विमानातली हवा खूप कोरडी असते, ड्रॉप्स हातातल्या बॅगेत ठेवा, आणि लांबच्या फ्लाइटमध्ये झोपण्याआधी मलम घाला.